जळगावकडची खासगी सीबीएसई शाळा, इयत्ता नववी: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

जून ते जानेवारीच्या सगळ्या पावत्या समोर ठेवून हे लिहितोय. शाळा स्वयंअर्थसहाय्यित आहे. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार शासन देतं. इथे तो पूर्ण फीतून निघतो. महागाईचं खरं मूळ हेच, रंगवलेली इमारत नव्हे.

हिशोब करून पाहा. सीबीएसईच्या निकषाप्रमाणे एका तुकडीमागे दीड शिक्षक लागतात. एका शिक्षकावर महिन्याला ४० हजार खर्च धरला, तर तुकडीमागे वर्षाला ७ लाख २० हजार. वर्गात ४० मुलं असतील तर माणशी १८ हजार. पण आठवीनंतर बरीच मुलं नाशिक-पुण्याला किंवा कोचिंगच्या गावाला जातात. पट २५ वर आला की तोच आकडा २८,८०० होतो. म्हणून प्रवेशाआधी नववी-दहावीचा पट नक्की विचारा. त्यात आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के मोफत जागांची सवलत आठवीपर्यंतच असते. नववीत त्या पालकांवर पूर्ण फी एकदम येते, आणि याची कल्पना त्यांना कुणी आधी देत नाही.

शाळेच्या फीवर जीएसटी नाही. मात्र बाकं, संगणक घेताना शाळा तो भरते आणि त्याची वजावट तिला मिळत नाही. तोही बोजा फीतच येतो.

फीइतकाच जड खर्च बसचा. यावल, चोपड्याकडून येणारी गाडी दिवसाला दोनच फेऱ्या मारते; उरलेला वेळ उभी, तरी विमा, फिटनेस, चालक आणि महिला मदतनीस यांचा खर्च चालूच. भाडं १० महिन्यांचं आहे की १२, हे लेखी घ्या. मे महिन्यात ऊन ४४-४५ अंशांवर असताना बंद बसचं भाडं भरणं मला पटत नाही. शाळेच्या परिवहन समितीत पालक प्रतिनिधी असतो, हा मुद्दा त्याच्याकडे मांडा.

पुस्तकांत सरळ बचत होते. एनसीईआरटीचे संच स्वस्त असतात. खर्च वाढतो तो खासगी प्रकाशनांच्या वह्या-स्वाध्यायांनी. कोणतं पुस्तक वर्गात खरंच उघडतात, हे दहावीच्या पालकांना विचारूनच घ्या.

हप्त्यांची वेळ ही या शाळेची मोठी चूक. पहिला हप्ता जूनमध्ये, नेमका बियाणं-खताच्या वेळी; कापसाचा पैसा तर दिवाळीच्या आसपास हाती येतो. केळीवाल्यांचं जमतं, कोरडवाहूवाल्यांची ओढाताण होते. तीन हप्त्यांसाठी अर्ज मार्चमध्येच द्या.

फीवाढीबद्दल: २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार व्यवस्थापनाला प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो आणि मंजूर फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील राहते. समितीतले पालक सोडतीने निवडतात, म्हणून इच्छुकांच्या यादीत नाव द्याच. पालक गप्प बसले की प्रस्ताव जसाच्या तसा मंजूर होतो. २५ टक्के पालक एकत्र आले तर विभागीय शुल्क नियामक समितीकडे दाद मागता येते. खानदेशातले तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात.

शिकवणं चांगलं आहे, विशेषतः गणित. प्रयोगशाळेत मुलं स्वतः हाताने प्रयोग करतात आणि त्यासाठी मोजलेले पैसे मला योग्य वाटतात. जेईई-नीटच्या पूर्वतयारीच्या ‘फाउंडेशन कोर्स’चे मात्र नाही: तोच धडा दुसऱ्यांदा शिकवतात. तो ऐच्छिक आहे का, हे विचारा.

पावतीवर ट्यूशन फी वेगळी लिहून घ्या. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत दोन मुलांपर्यंत तिचीच वजावट मिळते. बस आणि विकास निधी त्यात धरत नाहीत.