उभं वंदन की बसून? ज्युदोच्या नव्या वर्गासाठी

ज्युदोचा वर्ग सुरू करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, मुलांना रित्सुरेई (उभं वंदन) शिकवू की झारेई (बसून वंदन)?

वेळ पाहिला तर उभ्याने करायची रित्सुरेई सोपी. टाचा जुळवायच्या, हात मांडीवरून पुढे सरकवत कमरेतून साधारण 30 अंश वाकायचं, की झालं. स्पर्धेतही हीच लागते, त्यामुळे ती यायलाच हवी.

झारेईला मात्र शिस्त लागते. आधी डावा गुडघा टेकायचा, मग उजवा. उठताना उजवा पाय आधी. तळवे पुढे टेकून वाकताना ढुंगण टाचांवरून उचलायचं नाही. मुलं नेमकी इथेच चुकतात, आणि घाई केली तर ती चूक कायमची अंगवळणी पडते. पण धावत आलेला वर्ग या बसण्यानेच शांत होतो, हे मी वारंवार पाहिलंय. नागे-नो-काता, म्हणजे फेकींचा ठरलेला क्रम, करतानाही जोडीदाराला बसूनच वंदन करतात.

गुडघ्यांचं दुखणं असेल किंवा मॅटऐवजी उघडी फरशी असेल, तर झारेईचा हट्ट नको.

लहान मुलांच्या वर्गात सुरुवातीला आणि शेवटी झारेई ठेव, जोडीच्या सरावात रित्सुरेई. प्रौढांना आणि शाळेच्या अर्ध्या तासाच्या तासिकेला उभं वंदन पुरतं.