एओथ्री: जिवलग मित्रांमधल्या लपलेल्या प्रेमाचे तर्क वाचायचे असतील तर

‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ अर्थात एओथ्री हा फॅनफिक्शनचा, म्हणजे आवडत्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचा, मोफत ऑनलाइन संग्रह १४ नोव्हेंबर २००९ रोजी सगळ्यांसाठी खुला झाला. आज तिथे एक कोटीहून अधिक लिखाणं आहेत आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा-साहित्यातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. कथा वाचायला ही जागा उत्तम आहे, त्यात वादच नाही. इथे तपासायचंय ते वेगळं: ‘हे दोघं नुसते मित्र नाहीत’ असं म्हणणारे तर्क, त्यांच्या पुराव्यांसकट, वाचायचे असतील तर एओथ्री कितपत कामाचं? पुस्तकातल्या जोड्यांसाठी फार कामाचं, पडद्यावरच्या जोड्यांसाठी अर्धवट. आणि फिल्टर नीट लावता आला नाही तर दोन्हीकडे हाती कथांचा ढीग लागतो, तर्क लागत नाही.

तपासायला जोडी घेतली आहे शेरलॉक होम्स आणि डॉ. वॉटसनची. या दोघांवर तर्क लढवण्याची हौस फार जुनी आहे. १९४१ मध्ये रेक्स स्टाउट या लेखकाने ‘बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स’ या होम्सप्रेमींच्या मंडळापुढे, गमतीच्या सुरात का होईना, वॉटसन ही मुळात स्त्री आणि होम्सची बायको होती असं मांडलं होतं. शिवाय मूळ ६० कथा-कादंबऱ्यांचा मजकूर सहज मिळतो, त्यामुळे कुणी काही दावा केला की लगेच पडताळून पाहता येतो.

एओथ्रीची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे दोन चिन्हं. दोन नावांमध्ये ‘/’ असेल तर प्रेमाचं किंवा शरीराचं नातं, ‘&’ असेल तर मैत्री किंवा घरोबा. तिरक्या रेघेची ही रीत १९७०च्या दशकात ‘स्टार ट्रेक’मधल्या कर्क-स्पॉक जोडीच्या चाहत्यांनी काढलेल्या छापील हौशी अंकांमधून (फॅनझिन्समधून) आली. एओथ्रीने दोन्ही चिन्हांना सारखाच मान दिला आहे. मैत्रीचं वाचन करणाऱ्याला दुय्यम जागा नाही आणि प्रेमाचं वाचन करणाऱ्याला खुलासा द्यावा लागत नाही. नावांच्या क्रमावरून मात्र काही अर्थ काढू नका. तो बहुतेक ठिकाणी आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावलेला असतो, म्हणून होम्स आधी आणि वॉटसन नंतर.

लेखक टॅग, म्हणजे लिखाणावर लावायची खूणचिठ्ठी, हवा तसा लिहू शकतो. कुणी दोघांची पूर्ण नावं लिहितो, कुणी नुसतं ‘जॉनलॉक’. ही सगळी रूपं एका प्रमाण टॅगला जोडायचं काम टॅग रँगलर म्हणवणारे स्वयंसेवक हाताने करतात. त्यामुळे एका टॅगवर टिचकी मारली की सगळी रूपं एकत्र येतात. इतकी बारीक जोडणी माणसांच्या हातून होते, यासाठी या सेवेचं कौतुक करावं तेवढं थोडं.

आता प्रत्यक्ष शोध. होम्स-वॉटसनचा ‘/’ वाला टॅग उघडलात की मूळ कथा, बीबीसीची ‘शेरलॉक’ मालिका, सिनेमे, सगळं एकाच गठ्ठ्यात समोर येतं. मोबाइलवर फिल्टर दिसत नाहीत, वरचं ‘फिल्टर्स’ बटण दाबावं लागतं. त्यात फॅन्डमखाली (म्हणजे ज्या मूळ कलाकृतीवर लिहिलंय तिच्या नावाखाली) आर्थर कॉनन डॉयलच्या मूळ कथा समाविष्ट करा आणि बीबीसीची मालिका वगळण्याच्या रकान्यात घाला. दोन्ही करणं गरजेचं आहे, कारण मालिकेवर लिहिणारे बरेच जण मूळ कथांचाही टॅग लावतात. मग ‘इतर टॅग’च्या चौकटीत ‘मेटा’ लिहा. मेटा म्हणजे कथा नव्हे, कथेबद्दलचं विवेचन. लेखकाने ‘मेटा’ लावलेलं नसेल तर ‘नॉनफिक्शन’ लावून पाहा. हे टॅग अर्थात इंग्रजी लिपीतच टंकायचे. प्रौढ मजकूर नको असेल तर वगळण्याच्या रकान्यात ‘एक्सप्लिसिट’ आणि ‘मॅच्युअर’ या दोन्ही श्रेणींवर खूण करा. ‘नॉट रेटेड’, म्हणजे श्रेणी न दिलेलं लिखाण, तरीही उरतं आणि त्यात काहीही असू शकतं.

मेटाची संख्या कथांपुढे नगण्य असते, म्हणून दुसरी वाट माहीत हवी. बरेच लेखक आपला तर्क कथेच्या रूपात मांडतात. तो शोधायचा तर ‘मिसिंग सीन’ आणि ‘कॅनन कम्प्लायंट’ हे दोन टॅग एकत्र लावा. पहिल्याचा अर्थ मूळ लेखकाने न दाखवलेला प्रसंग, दुसऱ्याचा अर्थ मूळ कथेतल्या कशालाही धक्का न लावता लिहिलेलं. दोन्ही बंधनं पाळून कुणी दोघांमधली ओढ दाखवली, तर तो मूळ मजकुरातल्या मोकळ्या जागांवर आधारलेला खरा तर्कच होतो. ‘फ्रेंड्स टू लव्हर्स’ आणि ‘म्युच्युअल पायनिंग’ (एकमेकांसाठी झुरणं) हे टॅग मोहात पाडतात, पण ते भावना सांगतात, पुरावा नाही. विशिष्ट कथेवरचं लिखाण हवं असेल तर होम्सअभ्यासकांनी कथांच्या नावांना दिलेली चार इंग्रजी अक्षरांची लघुरूपं ‘निकालांमध्ये शोधा’ या चौकटीत टाकून पाहा.

याच चौकटीत जुने वाचक एक युक्ती वापरतात: इंग्रजीत ओटीपी, मग कोलन, मग ट्रू. याने नात्याचा एकच टॅग असलेली लिखाणं उरतात आणि पार्श्वभूमीला एका ओळीपुरती जोडी असलेल्या कथा गळतात. कथा वाचायला ही युक्ती छान. तर्क शोधताना ती घात करते. होम्स-वॉटसनच्या प्रेमाचा कुठलाही गंभीर तर्क वॉटसनच्या लग्नाला भिडल्याशिवाय पुढे जात नाही आणि तसा लेखक वॉटसन आणि त्याची बायको मेरी यांचाही टॅग लावतो. म्हणजे नेमका कसदार मजकूरच गाळला जातो.

सापडलेल्या मेटाचा दर्जा कसा ओळखायचा? चांगला मेटा ठरावीक जागांवर बोट ठेवतो. ‘नॉरवुड बिल्डर’मध्ये (१९०३) वॉटसनचा दवाखाना व्हर्नर नावाचा तरुण डॉक्टर फारशी घासाघीस न करता चढ्या किमतीला घेतो. तो होम्सचा दूरचा नातलग होता आणि पैसे होम्सनेच दिले होते, हे वॉटसनला काही वर्षांनी कळतं. ‘थ्री गॅरिडेब्स’मध्ये (१९२४) वॉटसनच्या मांडीला गोळी चाटून जाते आणि होम्सचा थंडपणा गळून पडतो. त्या थंड मुखवट्यामागची माया पाहायला मिळाली, यासाठी जखम झाली तरी चालेल, असं वॉटसन लिहितो. ‘ब्लँच्ड सोल्जर’ (१९२६) होम्स स्वतः सांगतो, आणि वॉटसन आपल्याला सोडून बायकोकडे गेला ही त्याच्या हातून घडलेली एकमेव स्वार्थी गोष्ट, असं म्हणून जातो. या तीन जागा ज्या लेखात नाहीत, तो लेख होम्सवर कमी आणि लेखकाच्या आवडीवर जास्त उभा असतो.

त्याहून वरच्या दर्जाचा मेटा विरुद्ध पुरावाही समोर ठेवतो. ‘साइन ऑफ फोर’मध्ये (१८९०) वॉटसन मेरी मॉर्स्टनच्या प्रेमात पडतो आणि तिला मागणी घालतो. यावर तर्कवाल्यांचं उत्तर असं: कथा सांगणारा वॉटसनच आहे, तो छापण्यासाठी लिहितोय आणि १८८५च्या कायद्याने इंग्लंडमध्ये पुरुषांमधला कुठलाही शरीरसंबंध गुन्हा ठरला होता. ऑस्कर वाइल्डला १८९५ मध्ये त्याच कायद्याखाली शिक्षा झाली. लपवायला कारण होतं, हे मान्य. वॉटसन तपशिलात चुकतो हेही खरं. त्याची युद्धातली जखम एका कादंबरीत खांद्याला आहे आणि दुसरीत पायाला. पण इथेच बरेच लेख घसरतात. अनुकूल वाक्य आलं की वॉटसन खरं बोलतोय आणि प्रतिकूल आलं की तो लपवतोय, अशी सोय केली की कुठलाही तर्क कधीच चुकीचा ठरू शकत नाही. वॉटसन कुठे लपवतो आणि कुठे नाही, याची कसोटी लेखकाने आधीच सांगितली आहे का, ते पाहा. ‘माय डिअर वॉटसन’ हा पुरावा म्हणून देणारे लेख सरळ बाजूला ठेवावेत. त्या काळी पुरुष मित्रांमध्ये असं बोलणं सर्रास चालायचं.

पडद्यावरच्या जोड्यांची गत वेगळी आहे. बीबीसीच्या मालिकेचे २०१० ते २०१७ या काळात एकूण १३ भाग आले आणि दरम्यान ‘जॉनलॉक कॉन्स्पिरसी’ नावाचा मोठा तर्क उभा राहिला: निर्माते दोघांचं प्रेम शेवटी उघड करणार आहेत आणि त्यांचा नकार ही फक्त हूल आहे. या तर्काचे पुरावे दृश्यांमध्ये होते: प्रकाशाचे रंग, भिंतीवरचे कागद, टेबलावरचे पेले. आणि एओथ्री चित्रं साठवत नाही. लेखात चित्र दिसतं ते दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणाहून आणलेलं असतं. २०१७ मध्ये फोटोबकेट या चित्रं साठवणाऱ्या साइटने बाहेरच्या पानांवर चित्रं दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागायला सुरुवात केली, तेव्हा असंख्य पानांवरची चित्रं एका फटक्यात गेली. त्यामुळे ‘या चौकटीत पाहा’ असं वाक्य आणि खाली रिकामी जागा, असे लेख भेटतात. पडद्यावरच्या जोडीवर स्वतः मेटा लिहिणार असाल तर भागाचा क्रमांक आणि दृश्याची मिनिटं-सेकंदं मजकुरातच द्या. चित्र गेलं तरी दावा तपासता येईल.

आणखी एक उणीव खटकते. ‘मला यात प्रेम दिसतं’ आणि ‘निर्मात्यांनी हे ठरवून पेरलंय’ हे दोन अगदी वेगळे दावे आहेत. पहिला वाचकाचा हक्क आहे, दुसऱ्याला पुरावा लागतो. एओथ्रीवर दोन्हींना तोच ‘/’ आणि तोच ‘मेटा’. शेवटच्या भागानंतर ज्यांचा हिरमोड झाला, ते दुसऱ्या दाव्यावर विसंबले होते. कुठला तर्क कधी आला, कुणी खोडला, हा इतिहास हवा असेल तर याच संस्थेचा, म्हणजे ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’चा, ‘फॅनलोअर’ हा विकी उघडा. आधी फॅनलोअर, मग एओथ्री, हा क्रम सोयीचा पडतो.

निकालांचा क्रम लावताना कूडोजवर, म्हणजे वाचकांनी दिलेल्या पसंतीच्या खुणांवर, विसंबू नका. एका वाचकाला एका लिखाणाला एकदाच कूडोज देता येतात आणि जुन्या लिखाणांना ते साठवायला वेळ मिळालेला असतो. मेटासाठी बुकमार्कच्या संख्येने क्रम लावणं बरं. लोक परत वाचायच्या गोष्टी तिथे ठेवतात, सोबत टिपणंही लिहितात. खातं नसलं तरी बहुतेक सगळं वाचता येतं, फक्त कुलपाची खूण असलेली लिखाणं दिसत नाहीत. खात्यासाठी ईमेल देऊन रांगेत नाव लावायचं. निमंत्रण आलं नाही असं वाटलं तर आधी स्पॅम पाहा. अधिकृत ॲप नाही, त्यामुळे त्या नावाच्या कुठल्याही ॲपमध्ये पासवर्ड देऊ नका. आवडलेला लेख ईपब किंवा पीडीएफमध्ये उतरवून ठेवा. लेखक कधीही लिखाण काढू शकतो, आणि जुलै २०२३ मध्ये सायबर हल्ल्यामुळे सगळी साइटच बंद पडली होती. जाहिराती नाहीत, शुल्क नाही. सगळं देणग्यांवर चालतं आणि १० डॉलरपासून पुढे देणगी दिली तर संस्थेच्या निवडणुकीत मत देता येतं.

भाषांच्या यादीत मराठीही आहे, पण तिथे लिखाण अगदी मोजकं. मराठीत मेटा टाकायचा असेल तर भाषा मराठी निवडा, शीर्षक आणि सारांश खुशाल देवनागरीत लिहा. जोडीचा आणि फॅन्डमचा टॅग मात्र टंकताना खाली सुचवला जातो तोच प्रमाण टॅग घ्या. देवनागरीत नवा टॅग घडवलात तर रँगलरने जोडेपर्यंत लेख कुठल्याच गठ्ठ्यात येत नाही. सगळे मिळून टॅग ७५च्या वर जाऊ देत नाहीत, पण मेटाला सात-आठ पुरतात, आणि त्यात ‘/’ घ्यायचा की ‘&’ हे लेख लिहून झाल्यावर ठरवा.