ऑटो सीपॅप घेताना: मशीन, मास्क आणि नागपूरची हवा

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेतला श्वास तपासणाऱ्या चाचणीचा रिपोर्ट हातात पडला की पुढचा प्रश्न ठरलेला: मशीन कोणतं घ्यायचं? सीपॅप म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. ऑटो सीपॅप तो दाब, म्हणजे प्रेशर, गरजेप्रमाणे आपणच कमी-जास्त करतं. दुकानदार ब्रँडपासून सुरुवात करतो. पण मशीन रात्रभर वापरलं जाईल की पहाटे दोन वाजता मास्क काढून बाजूला ठेवला जाईल, हे ब्रँडवर फार थोडं अवलंबून असतं. मास्क, किमान प्रेशर आणि हवेतला ओलावा या तीन गोष्टी जमल्या की मधल्या किमतीचं मशीनही सोसतं. त्या बिघडल्या की महागडंही कपाटात जातं.

आधी एक अट. ऑटो मशीन साध्या अडथळ्याच्या, म्हणजे घसा मिटून श्वास अडण्याच्या स्लीप अ‍ॅप्नियासाठी आहे. एएचआय, म्हणजे तासाला श्वास किती वेळा अडतो किंवा मंदावतो तो आकडा, ५ ते १५ असेल तर सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. हृदयाचं पंपिंग कमी असेल, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल, वजनामुळे दिवसाही कार्बन डायऑक्साइड साठत असेल किंवा रिपोर्टमध्ये ‘सेंट्रल’ घटना, म्हणजे घसा उघडा असूनही मेंदूकडून इशारा न आल्याने श्वास थांबणं, जास्त दिसत असतील, तर दुकानातून ऑटो मशीन उचलून आणू नका. अशा पेशंटचं प्रेशर लॅबमध्ये रात्रभर तपासून ठरवावं लागतं आणि कधीकधी बायपॅप, म्हणजे श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळं प्रेशर देणारं मशीन लागतं.

आता मशीनं. रेसमेडचं एअरसेन्स १० ऑटोसेट जुनं झालं, तरी आजही सगळ्यात बिनघोर निवड तेच. प्रेशर ४ ते २० (सेंटिमीटर पाण्याच्या दाबात, पुढचे आकडेही त्यातच), पाण्याची टाकी ३८० मिलिलिटर, आवाज सुमारे २७ डेसिबल. कूलर चालू असलेल्या खोलीत तो ऐकूही येत नाही. श्वास थांबला की हे मशीन हवेचे बारीक कंप सोडून घसा बंद आहे की उघडा हे तपासतं आणि उघडा असेल तर उगाच प्रेशर वाढवत नाही. स्वस्त मशीन आणि हे मशीन यांतला खरा फरक इथे आहे, बाकी पुष्कळशी सजावट. एअरसेन्स ११ मध्ये टचस्क्रीन आणि ब्लूटूथ आहे, मशीन सुबक आहे, पण उपचार जवळपास तोच आणि किंमत बरीच जास्त. त्याची टाकी, गरम नळी आणि फिल्टर १० नंबरला बसत नाहीत, हे सुटे भाग मागवताना ध्यानात ठेवा. बीएमसीचं जी३ ऑटो खिशाला हलकं. नुसत्या घोरण्यासाठी आणि मध्यम अ‍ॅप्नियासाठी ते चालतं, पण प्रेशर सतत १२ च्या वर लागत असेल तर थोडे पैसे जास्त घालून रेसमेड घ्यावं, असं आमचं मत.

फिलिप्सचं पहिलं ड्रीमस्टेशन कुणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका. आतला आवाज रोखणारा पॉलियुरेथेन फोम झिजून त्याचे कण श्वासात जाऊ शकतात, म्हणून जून २०२१ मध्ये कंपनीने ती मशीनं परत बोलावली. सेकंडहँड बाजारात ती अजूनही फिरताना दिसतात.

मशीन कोणतंही असो, घोटाळा होतो तो सेटिंगमध्ये. बहुतेक मशीनं ४ ते २० वरच ठेवून दिली जातात. मोठ्या माणसाला ४ वर हवा पुरत नाही, जीव घाबरतो आणि तो मास्क ओढून काढतो. दुसरं म्हणजे तुम्हाला मुळात १० लागत असेल, तर ४ वरून तिथे चढेपर्यंत श्वास अनेकदा अडून जातो. आठवडाभराचा रिपोर्ट काढा, त्यात ‘९५ टक्के’ प्रेशर दिसतं, म्हणजे रात्रीच्या ९५ टक्के वेळात ज्याच्या वर जावं लागलं नाही तो आकडा. किमान प्रेशर त्याच्या दोन-तीन खाली आणि कमाल दोन-तीन वर ठेवलं की मशीन शांत चालतं. हे डॉक्टरांना दाखवूनच करा, पण विचारा जरूर, कारण सहसा कुणी आपणहून करत नाही. श्वास सोडताना जोर लागतो वाटलं तर ईपीआर २ किंवा ३ वर घ्या, सोडताना प्रेशर तेवढं उतरतं. बीएमसीत याला रेसलेक्स म्हणतात. रॅम्प, म्हणजे सुरुवातीच्या कमी प्रेशरवरून हळूहळू चढण्याचा वेळ, मात्र ‘ऑटो’वर ठेवा. ४५ मिनिटांचा रॅम्प लावून ठेवला आणि डोळा दहाव्या मिनिटाला लागला, तर उरलेला वेळ अपुऱ्या प्रेशरवर जातो.

मास्क तीन तऱ्हेचे: नाकपुडीत टेकणारा पिलो, नाकावरचा नेझल आणि नाक-तोंड झाकणारा फुल फेस. नाक मोकळं असेल तर नेझल किंवा पिलोपासून सुरुवात करा. दुकानदार बहुधा सरळ फुल फेस देतो, कारण त्यात तोंड उघडं राहिल्याची तक्रार येत नाही. पण त्याची कड लांब, म्हणून गळतीही जास्त. दाढी-मिशी असेल तर पिलोइतकं नीट काहीच बसत नाही. मास्क दुकानात बसून घालून पाहू नका. आडवे व्हा, कुशीवर वळा, प्रेशर १० च्या पुढे लावायला सांगा. एअरसेन्स १० चं सुरू-बंदचं बटण तीन सेकंद दाबून धरलं की ‘मास्क फिट’ सुरू होतं, तेव्हा तपासा. पट्टे आवळून गळती थांबत नाही, उलट सिलिकॉन चेपून कड उचलते आणि नाकाच्या हाडावर व्रण पडतो. ढिले करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित ओढा, त्याला फुगू द्या, मग हलके आवळा. रिपोर्टमध्ये गळती मिनिटाला २४ लिटरच्या खाली असली की ठीक. रात्री डोक्याला तेल आणि तोंडाला कोल्ड क्रीम लावून मास्क घातला तर तो घसरणारच. साबणाने तोंड धुवा, मग घाला.

काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाचे हुक असतात. ज्यांच्या अंगात पेसमेकर किंवा मेंदूतली धातूची क्लिप आहे, किंवा शेजारी झोपणाऱ्याच्या अंगात आहे, त्यांनी ते घेऊ नयेत.

आता पाणी. इथे नागपूरचं गणित पुण्या-मुंबईहून वेगळं पडतं. मशीनच्या पुस्तकात खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. मे महिन्यात बाहेर ४५ असताना गच्चीखालची खोली रात्री ३५ च्या वर राहू शकते, आणि मशीन आत घेतलेली हवा थोडी तापवूनच देतं. तेव्हा कूलर किंवा एसीविना मे-जूनमध्ये मास्क टिकणं कठीण. कूलरच्या खोलीत हवा आधीच ओली असते, म्हणून ह्युमिडिफायर, म्हणजे टाकीतल्या पाण्याने हवा ओली करणारा भाग, आठपैकी २ किंवा ३ वर पुरतो. त्याहून जास्त ठेवला तर नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येतो आणि नाकात थेंब पडतात. कूलरचा झोत मशीनवर येऊ देऊ नका. वाळ्याच्या ताट्यांचा भुसा आणि धूळ फिल्टरमध्ये अडकते. पुस्तक सहा महिने म्हणतं, पण उन्हाळ्यात दर महिन्याला फिल्टर उजेडात धरून पाहा, करडा दिसला की बदला. रेसमेडचा फिल्टर धुवायचा नसतो.

एसीत झोपणाऱ्यांचं उलटं. हवा कोरडी, नळी गार, त्यामुळे घसा सुकतो आणि ओलावा वाढवला की नळीत पाणी. इथे गरम नळी कामाची. ‘ऑटो’वर ती हवा २७ अंशांवर ठेवायला बघते, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आणि एसीत ती पैसे वसूल करते. तीस अंशांच्या कूलरवाल्या खोलीत तिला करण्यासारखं काही उरत नाही. वर्षभर कूलर-पंख्यात झोपत असाल आणि हिवाळ्यात नळीवर कापडी आवरण चालवून घ्याल, तर तो खर्च वाचवा. मशीन उशीपेक्षा खाली ठेवलं की नळीतलं पाणी टाकीकडे परततं. टाकी भरलेली असताना मशीन उचलू नका, पाणी मोटरमध्ये जातं.

पाणी डिस्टिल्डच घाला. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. असं पाणी घातलं तर आठवड्यात टाकीच्या तळाला पांढरा थर दिसेल. तो बसलाच तर एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाणी घालून टाकी भिजवा, मग खळखळून धुवा. मास्कचं कुशन रोज कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. डेटॉल, स्पिरिट, ब्लीच नको, आणि ओझोनचं ‘क्लीनर’ विकत असतील तर तेही नको.

वीज गेली की मशीन थांबतं. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं तर तो प्युअर साइन वेव्ह असलेला बरा. रात्रभर निभवायचं असेल तर ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद करा, सगळ्यात जास्त वीज तीच खातात. विदर्भ एक्सप्रेसच्या डब्यातल्या प्लगवर विसंबू नका. ते मोबाइल-लॅपटॉपसाठी आहेत आणि रात्री बंदही ठेवले जातात.

विकत घेण्याआधी मशीन भाड्याने मिळतं का ते विचारा आणि निदान दोन आठवडे वापरा. मिळालं तर मास्क तुमचा नवा आणि नळी नवी, एवढं तरी मागाच. सीजीएचएसचं (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं) कार्ड असेल तर आधी मंजुरी, मग खरेदी. त्यासाठी स्लीप स्टडी आणि तज्ज्ञाची शिफारस जोडावी लागते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि मशीन किती तास चाललंय ते मेन्यूत दुकानदारासमोरच पाहा. नव्या म्हणून दिलेल्या डब्यात शेकडो तास दिसले, तर ते डेमोचं आहे.