टॅलीच पुरे की ईआरपी घ्यायचं? सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यासाठी

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली. कुठल्याही एमआयडीसीत जा, वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यात व्यवस्था साधारण एकसारखीच दिसते. हिशेब आणि बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्टोअरचा साठा एक्सेलमध्ये, आणि जॉब वर्कला (म्हणजे बाहेरच्या कारखान्यात एखादी प्रक्रिया करून घ्यायला) गेलेला माल थोडा चलन बुकात, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्यांच्या पुस्तकात, थोडा सुपरवायझरच्या डोक्यात. धंदा वाढला की कोणीतरी ईआरपीचं, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, कोटेशन घेऊन येतं आणि मालक पेचात पडतो. त्याच्यासमोर खरे पर्याय चार असतात: आहे ते चालू ठेवणं, टॅलीतलाच साठ्याचा भाग नीट वापरायला घेणं, किंवा ईआरपीनेक्स्ट आणि एसएपी बिझनेस वन या दोन ईआरपींपैकी एक घेणं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. निवड उलाढालीवरून करू नका. तयार होईपर्यंत तुमचा माल फाटकाबाहेर किती वेळा जातो आणि परत येतो, त्यावरून करा. कच्चा माल आत, तयार माल बाहेर, मध्ये सगळं एकाच छपराखाली, असं असेल तर टॅली पुरेसं आहे आणि ईआरपीवरचा खर्च वाया जाण्याची शक्यता मोठी. पण एकच भाग टर्निंगला (लेथवर कापायला) एकीकडे, हीट ट्रीटमेंटला (तापवून कडक करायला) दुसरीकडे आणि प्लेटिंगला (धातूचा थर चढवायला) तिसरीकडे जात असेल, तर टॅली-एक्सेलच्या जोडीला तुम्ही दर महिन्याला पैसे मोजत असता. ते कुठल्या बिलात दिसत नाहीत एवढंच.

एक्सेलबद्दल फार लिहायला नको. ते वाईट नाही, उलट सगळ्यात लवचीक आहे, आणि तीच त्याची अडचण आहे. कोणी कुठला आकडा कधी बदलला ते कळत नाही आणि फाइल भरली तरी ती ओरडत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या यादीतून कोविडचे जवळपास १६ हजार रुग्ण गळले. कारण एवढंच, की माहिती जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये घेतली जात होती आणि त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. तुमच्या स्टोअरची फाइल एवढी मोठी होणार नाही, पण ‘स्टॉक फायनल नवीन २’ नावाच्या तीन प्रती तीन संगणकांवर असतातच.

दोन हजार ब्रॅकेट प्लेटिंगला गेले

खरी तुलना इथे होते. समजा, २ मिमी पत्र्याचे २,००० ब्रॅकेट झिंक प्लेटिंगला पाठवले. ते एकदम परत येत नाहीत, तीन-चार फेऱ्यांत येतात. मोजणी वजनावर होते, कारण दोन हजार नग हाताने मोजायला कोणाला वेळ आहे? आता ८ मायक्रॉनचा थर दोन्ही बाजूंनी चढला की ढोबळमानाने वजन पाऊण टक्क्याने वाढतं. प्लेटिंगच्या आधीचं एका नगाचं वजन धरून भागाकार केलात, तर दोन हजारांत चौदा-पंधरा नग आहेत त्यापेक्षा जास्त दिसतात. प्लेटिंगवाल्याकडे तेवढेच नग हरवले, तर कागदावर सगळं बरोबर! फरक कळतो तो थेट ग्राहकाकडे बॉक्स उघडल्यावर.

एक्सेल-चलन बुकात हे सापडणं जवळजवळ अशक्य. टॅलीत प्लेटिंगवाल्याच्या नावाने गोडाऊन उघडून माल तिकडे हलवता येतो, किंवा जॉब वर्कची सोय चालू करून मटेरियल आउट, मटेरियल इन अशी रीतसर नोंद करता येते. ही सोय टॅलीत कधीपासूनची आहे, तरी बहुतेकांनी ती चालूही केलेली नसते. त्यातही गोडाऊनचा सोपा मार्ग घेतला, तर प्लेटिंगआधीचा आणि नंतरचा ब्रॅकेट एकच आयटम राहतो आणि वजनाचा घोळ तसाच.

ईआरपीनेक्स्टमध्ये सबकॉन्ट्रॅक्टिंगची ऑर्डर काढायची तर बाहेर जाणारा आयटम आणि परत येणारा आयटम वेगळे लागतात, मध्ये बीओएम, म्हणजे एका भागाला काय काय आणि किती लागतं त्याची यादी, लागतो. सुरुवातीला हे जाचक वाटतं: एका ब्रॅकेटला दोन कोड कशाला? पण दोन कोड झाले की दोन वजनं नोंदता येतात आणि तिथेच तो पाऊण टक्का पकडला जातो. शिवाय प्लेटिंगवाल्याकडे या क्षणी किती माल पडून आहे, हे एका रिपोर्टवर दिसतं. टॅलीतही दोन आयटम करून हेच साधता येईल, पण टॅली तुम्हाला तसं करायला भाग पाडत नाही.

याला कायद्याचीही बाजू आहे. जीएसटीत जॉब वर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो. नाही आला तर पाठवला त्या दिवशीच तो विकला असं धरून कर आणि व्याज लागतं. जॉब वर्कच्या मालाचं आयटीसी-०४ हे विवरणपत्र ५ कोटींवरच्या उलाढालीला सहामाही, त्याखाली वार्षिक भरायचं असतं. ज्यांची चलनं चार जॉबवर्करकडे विखुरलेली आहेत, त्यांनी हे विवरणपत्र भरायच्या आठवड्यात आपल्या अकाउंटंटचा चेहरा एकदा पाहावा.

अडवणारी प्रणाली, चालवून घेणारी प्रणाली

जाहिरातींत न दिसणारा, पण निवड ठरवणारा फरक हा आहे. टॅलीत साठा शून्य असताना विक्रीची नोंद केली तर ते इशारा देतं, पण नोंद घेतं. साठा उणे दिसतो, नंतर खरेदीची नोंद झाली की जुळतो. ईआरपीनेक्स्ट मुळात तसं करूच देत नाही. साठा नाही, तर डिलिव्हरी नोट सबमिट होत नाही.

आता संध्याकाळचे सहा वाजलेत. ट्रक भरून उभा आहे, ग्राहकाची लाइन थांबायच्या बेतात आहे, माल डोळ्यांसमोर आहे, पण सकाळी प्लेटिंगहून आलेल्या मालाची जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, कोणी केलेली नाही आणि स्टोअरवाला घरी गेलाय. टॅलीवाला कारखाना बिल फाडून ट्रक सोडतो. ईआरपीवाल्या कारखान्यात फोनाफोनी सुरू होते. मग कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन ‘उणे साठा चालेल’ यावर टिक करतं. ती टिक पुन्हा कधीच निघत नाही, आणि सहा महिन्यांनी मालक म्हणतो, ‘ईआरपी घेतलं, पण साठा काही जुळत नाही.’

म्हणून ईआरपी घ्यायच्या आधी कोटेशन बाजूला ठेवा आणि एवढंच तपासा: फाटकातून आलेला माल त्याच तासात नोंदवणारा माणूस दोन्ही पाळ्यांना आहे का? नसेल, तर आधी तो नेमा. त्याचा पगार परवान्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

दुरुस्तीचंही असंच. टॅलीत जुनं व्हाउचर उघडून बदलता येतं. ईआरपीनेक्स्टमध्ये सबमिट झालेला कागद रद्द करून नव्याने काढावा लागतो. अर्थात १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं आणि त्यासाठी टॅलीतही एडिट लॉग आहे. प्रोप्रायटरी आणि भागीदारी फर्मला हा नियम नाही.

ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिलावर वेळ घालवू नका. ५ कोटींवरच्या उलाढालीला १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे आणि ते सगळेच करून देतात. ईआरपीनेक्स्टमध्ये जीएसटीसाठी वेगळं ॲप बसवावं लागतं, इतकंच.

मागे पाहणारं, पुढे पाहणारं

वाहन कंपनीचं शेड्यूल, म्हणजे कुठले भाग किती हवेत ती मागणी, महिनाअखेरीला येतं: पुढच्या महिन्याचं पक्कं, त्यापुढच्या दोन महिन्यांचं अंदाजी. त्यावरून पत्रा किती मागवायचा हे काढायचं तर शेड्यूल गुणिले बीओएम, त्यातून हातातला साठा, लाइनवरचा माल आणि जॉबवर्करकडचा माल वजा. ही वजाबाकी ईआरपीनेक्स्ट आणि बिझनेस वन दोन्ही करतात. टॅलीत रीऑर्डर लेव्हल (साठा किती उरला की मागवायचं ती पातळी) आहे, बीओएम आहे, मॅन्युफॅक्चरिंग जर्नल (उत्पादनाची नोंद) आहे, पण अनेक पातळ्यांच्या बीओएममधून मागणी उलगडत नेणं हे त्याचं काम नाही. टॅली काय झालं ते उत्तम सांगतं, पुढे काय लागेल हे त्याला विचारू नये. मात्र शेड्यूल ज्यांचं दर आठवड्याला बदलतं आणि भाग दहा-बाराच आहेत, त्यांनी ही वजाबाकी एक्सेलमध्ये केली तरी बिघडत नाही. भाग दीडशे असतील तर बिघडतं.

पैसा आणि माणसं

ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्राप्पे कंपनीचं. ते मुक्तस्रोत आहे, त्यामुळे प्रति माणशी परवान्याचे पैसे नाहीत. पण फुकट समजू नका: बसवणारा, शिकवणारा, सर्व्हर आणि बॅकअप यांचे पैसे आहेतच. बिझनेस वनला प्रति वापरकर्ता परवाना लागतो, शिवाय ते बसवून देणाऱ्या एसएपीच्या भागीदार कंपनीचं बिल वेगळं. टॅलीप्राइममध्ये सिल्वर एका संगणकासाठी, गोल्ड एका लॅनवरच्या (एकमेकांना जोडलेल्या संगणकांवरच्या) सगळ्यांसाठी, हिशेब सोपा.

माणसांच्या बाबतीत टॅलीला तोड नाही. टॅली येणारा अकाउंटंट तालुक्याच्या गावीही मिळतो, आणि तुमच्या सीएला दुसरं काही नको असतं. ईआरपीनेक्स्ट सांभाळणारा पोरगा पगारवाढीसाठी सोडून गेला, तर त्याच्या जागी माणूस मिळायला महिने जातात. हा धोका कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही.

बिझनेस वन कोणी घ्यावं? परदेशी मूळ कंपनी आहे आणि तिकडे एसएपी चालतं, किंवा निर्यात मोठी आहे आणि डॉलर, युरो अशा अनेक चलनांत व्यवहार होतो, अशांनी. ‘आमच्याकडे एसएपी आहे’ हे ग्राहकाच्या ऑडिटरला सांगायला बरं वाटतं म्हणून घेणारेही मी पाहिलेत. ऑडिटर बॅच आणि हीट नंबरचा (धातू कुठल्या ओतणीचा आहे त्या क्रमांकाचा) माग विचारतो, सॉफ्टवेअरचं नाव नाही.

आणि कुठलंही ईआरपी घ्या, आपल्या सवयींसाठी ते वाकवायला निघू नका. जर्मनीच्या लीडल या किराणा साखळीने सात वर्षं आणि सुमारे ५० कोटी युरो घालून २०१८ मध्ये एसएपीचा प्रकल्प गुंडाळला. एक मोठं कारण असं सांगितलं गेलं, की त्यांना साठ्याची किंमत खरेदीदराने धरायची सवय होती, प्रणाली विक्रीदरावर बेतलेली होती, आणि सवय सोडायची त्यांची तयारी नव्हती. आपल्याकडे हीच गोष्ट ‘आमचं चलन असंच निघतं’ या वाक्याने सुरू होते.

सुरू कधी करायचं

सल्लागार १ एप्रिल सुचवतात, कारण हिशेबाचं वर्ष बदलतं. मला ती तारीख पटत नाही. मार्चअखेर डिस्पॅचची घाई, वार्षिक मोजणी आणि अकाउंटंटची दमछाक एकदमच येतात. त्याहून वाईट म्हणजे दसरा-दिवाळीच्या तोंडावर सुरू करणं. अमेरिकेच्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये नवी प्रणाली जुलैत सुरू केली, म्हणजे हॅलोविनच्या ऑर्डरी यायच्या वेळेला. गोदामात माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचल्या नाहीत.

दिवाळीनंतर, डिसेंबरच्या आसपास, वाहन कंपन्यांच्या लाइन थोड्या थंडावतात. तेव्हा फक्त स्टोअर आणि जॉब वर्क नव्या प्रणालीत आणा, बिलं आणि हिशेब मार्चपर्यंत टॅलीत राहू द्या. दोन ठिकाणी नोंदी कराव्या लागतील. चार महिने चालेल, वर्षभर चालवलंत तर साठ्याचे दोन आकडे होतील आणि दोन्हीवरचा विश्वास उडेल. मोजणी सुट्टीच्या दिवशी घ्या, भोसरी-चाकणला गुरुवारी. आदल्या संध्याकाळी सगळ्या जॉबवर्करकडे माणूस पाठवून तिथला माल त्यांच्यासमोर मोजून सही घ्या, कारण सुरुवातीच्या साठ्यात चुकतो तो बहुतेक वेळा हाच आकडा.