लातूरच्या उन्हाळ्यात डीपकूल एके४०० हा प्रोसेसर-कूलर : दहा महिन्यांच्या वापरानंतर

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. रात्री जेवणं आटोपली की घरीच लेक्चर रेकॉर्ड करायला बसते. माईक चालू करायच्या आधी छताचा पंखा बंद, खिडक्या बंद. मग खोलीत एकच आवाज उरतो, कॉम्प्युटरचा. माझा प्रोसेसर रायझन ५ ५६००, त्यावर त्याच्याच खोक्यात आलेला छोटा कूलर होता, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा आणि त्यावरचा पंखा. लेक्चर ऐन रंगात आलेलं असताना पंखा एकदम चढायचा, दोन सेकंदांत उतरायचा, परत चढायचा. "मॅडम, मागं घरघर येते," असं मुलं सांगायची आणि मला फार वाईट वाटायचं. ज्या मुलाला खेड्यात स्वस्तातल्या इअरफोनवर ऐकायचं आहे, त्याला माझं वाक्य तरी नीट ऐकू यायला हवं.

त्या छोट्या कूलरला मी नावं ठेवणार नाही. २५ अंशांच्या खोलीत तो आपलं काम करतो. माझी खोली मे महिन्यात, पंखा बंद केल्यावर, ३९ अंशांवर असते. खरी गोम इथंच आहे, आणि कूलर घेताना बहुतेक जण तीच विसरतात. न्यूटनचा शीतलन नियम आपण अकरावीत शिकतो: वस्तू किती वेगानं निवते, हे तिच्या आणि भोवतालच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलरच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की चाचणीत कुणी "६५ अंश" दाखवले, तर आधी त्यांची खोली किती अंशांची होती ते बघायचं. खोली २३ ची असेल तर कूलरचा खरा आकडा ४२, म्हणजे खोलीपेक्षा किती वर. मग त्यात आपला मे महिना मिळवायचा. ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश. तिथं पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो.

इथल्या एका दुकानात मला २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर घ्या म्हणून बराच आग्रह झाला. पण पाणी फिरवलं तरी उष्णता शेवटी खोलीच्याच हवेत सोडायची असते, त्यामुळे खोलीपेक्षा गार तोही करू शकत नाही. शिवाय पंपाचा स्वतःचा बारीक आवाज असतो, आणि बिघडू शकेल अशी एक वस्तू वाढते. माझा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणतात, पण पूर्ण ताणाखाली त्याला सॉकेटमधून, म्हणजे मदरबोर्डवर तो बसतो त्या खाचेतून, ७६ वॅटपर्यंत मिळतात. एवढ्यासाठी लिक्विड कूलर कशाला? पावणेदोनशे-दोनशे वॅट खाणारा प्रोसेसर असता तर गोष्ट वेगळी. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा हवेवर चालणारा मोठा कूलर मनात होता, पण त्याची उंची १६५ मिलिमीटर आणि माझ्या कॅबिनेटमध्ये जागा १६०. एके४०० ची उंची १५५. त्यात तांब्याच्या चार हीटपाइप (उष्णता वर वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिलिमीटरचा एक पंखा, मिनिटाला ५०० ते १८५० फेऱ्यांचा. जानेवारीत तो घेतला.

बसवताना माझा जीव टांगणीला लागला होता, ते सविस्तर सांगते. जुना कूलर मी सरळ वर ओढला. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे उष्णता पोचवायला लावलेली पेस्ट वाळून घट्ट झालेली, त्यामुळे कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आला. एएम४ मध्ये (माझ्या प्रोसेसरच्या सॉकेटचा हा प्रकार) पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात, १,३३१. कोपऱ्यातल्या दोन वाकल्या होत्या. उदगीरहून आलेला भाचा शेजारीच होता. "मावशी, ओढायचा नसतो गं तो, आधी गोल फिरवायचा," असं म्हणत त्यानं माझ्या हातातून तो काढून घेतला. मग शिसं घालायच्या पेन्सिलीचं रिकामं टोक एकेका पिनेवर चढवून, श्वास रोखून, त्यानं ती सरळ केली. प्रोसेसर परत सॉकेटमध्ये ठेवला तो दाब न देता आपसूक बसला, तेव्हा कुठं मी खुर्चीत टेकले. तेव्हा एएम४ वाल्यांनी एवढं कराच: कूलर काढायच्या आधी दहा मिनिटं एखादं जड काम चालवून पेस्ट ऊबदार करा, मशीन बंद करून वायर काढा, कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवा, सैल झाला की मगच उचला.

बसवल्या दिवशी मात्र आवाज मनासारखा कमी झाला नाही. प्रोसेसर क्षणभर वेग घेतो, तापमान दहा-पंधरा अंशांनी उडी मारतं आणि पंखा त्याच्या मागं धावतो. कानाला खुपते ती ही चढउतार. एकसारखा मंद आवाज आपण पाच मिनिटांत विसरतो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन किती तापमानाला पंखा किती वेगानं फिरेल तो आलेख बदलला: ६५ अंशांपर्यंत ७०० फेऱ्या, ८० ला १,२००, पूर्ण वेग फक्त ८७ च्या पुढं. वेग बदलायला काही सेकंदांचा उशीरही लावला. फेऱ्या निम्म्या केल्या तर आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो, म्हणून मोठा पंखा सावकाश फिरवण्यात एवढा फायदा आहे. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग ऐकलं तर घरघर गेलेली होती.

आता आकडे. एका लेक्चरचं रेंडर, म्हणजे रेकॉर्डिंगचा अंतिम व्हिडिओ तयार करणं, सगळा भार प्रोसेसरवर. जानेवारीत खोली २४, प्रोसेसर ६६. मेमध्ये खोली ३९, प्रोसेसर ८१. दोन्ही वेळा फरक ४२, नियम अगदी डोळ्यांसमोर. ८१ ला धोका नाही, पण पंखा १,२०० च्या वर जायला लागला. मग इको मोड, म्हणजे प्रोसेसरला कमी वीज देणारी सेटिंग, लावून प्रोसेसर ४५ वॅटच्या गटात आणला: प्रोसेसर ७३ वर आला, आणि ४१ मिनिटांचं रेंडर ४४ मिनिटांत झालं. तीन मिनिटं मी आनंदानं देते.

आमच्याकडं कूलर म्हटलं की लोकांना आधी वाळ्याचा कूलर आठवतो. तो लावला की खोली ३१ वर येते आणि प्रोसेसरही तेवढाच उतरतो, हे मी मोजून पाहिलं. पण २०१६ साली या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना कॉम्प्युटरसाठी रोज दोन-तीन बादल्या पाणी उडवणं जमणार नाही. मला तरी नाही जमलं. माणसांसाठी तो लावावा लागलाच, तर ओल्या हवेचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका.

धुळीचं मात्र मी कमी समजले होते. आमचं घर गावाच्या कडेला, ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की बारीक भुसा घरभर. दिवाळीआधी प्रोसेसर त्याच कामाला पाच अंश वर दिसायला लागला. पुढची जाळी काढली तर तिच्यावर राखाडी साय धरल्यासारखा थर होता, आणि कूलरच्या पात्यांत पंख्याच्या बाजूनं तसाच. पंखा बोटानं धरून ठेवला, म्हणजे हवेच्या झोतानं तो गरगर फिरणार नाही, आणि मऊ ब्रश व ब्लोअरनं साफ केलं. पाचही अंश परत मिळाले. पुढून दोन पंखे हवा आत घेतात, मागून एक बाहेर टाकतो. आत येणारी हवा जास्त ठेवली की फटींमधून धूळ कमी शिरते.

आज नोव्हेंबर, खोली २५ वर आहे आणि इको मोड काढून टाकला आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो परत लावायचा, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर आताच लिहून ठेवलं. जाळी दर पंधरा दिवसांनी.