व्हिमट्यूटर की निओव्हिमचा ट्यूटर?

एका मैत्रिणीला व्हिम (कीबोर्डनेच चालवायचा टेक्स्ट एडिटर) शिकायचंय आणि सुरुवात कुठून करावी हे ठरत नाहीये: व्हिमसोबत येणाऱ्या व्हिमट्यूटरच्या धड्यांनी, की निओव्हिम या व्हिमच्याच नव्या अवतारातल्या ट्यूटरने. दोन्हींतले धडे बरेचसे सारखेच आहेत, त्यामुळे फरक कळतो तो करून बघताना.

तयारी: मॅकच्या टर्मिनलमध्ये ‘vimtutor’ टाइप केलं की धड्याची प्रत उघडते. मूळ फाइल तशीच राहते, म्हणून बिनधास्त खोडा. निओव्हिम मात्र आधी इन्स्टॉल करावं लागतं, मग त्यात ‘:Tutor’ ही कमांड.

चूक कळणं: खरी तफावत इथे आहे. ‘The ccow jumpedd…’ अशा जादा अक्षरांच्या ओळीत कर्सर नेऊन, जादा अक्षर खोडायला एक्स दाबायचा असतो. व्हिमट्यूटरमध्ये ओळ नीट झाली का, ते आपणच पाहायचं. निओव्हिममध्ये डावीकडची फुली जाऊन बरोबरची खूण येते. नवख्याला याने फार धीर येतो. पण ती खूण फक्त ओळीतला मजकूर तपासते. बाणांच्या कळांनी गेलात तरी मिळते, आणि एच-जे-के-एल या अक्षरांच्या कळांनी कर्सर हलवायची व्हिमची सवय राहून जाते. सुधारणा करायची तर मला आधी इथेच हवी.

एकट्याने शिकणाऱ्यांनी निओव्हिम घ्यावं. शेजारी कुणी जाणकार असेल किंवा काही इन्स्टॉल करायची परवानगी नसेल, तर व्हिमट्यूटर पुरेसा आहे.