एक्सबॉक्स सिरीज एस, वर्षभराच्या वापरानंतर: एका गेमच्या जोरावर कन्सोल खपतो का?

एक तगडा गेम आला की मागं पडलेला कन्सोलही उचल खातो, असं म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या या गेमिंग कन्सोलवरून ते तपासून बघू. आधी चांगलं सांगतो. मशीन छोटं, आवाज जवळजवळ नाहीच, आणि क्विक रिझ्यूमची सवय लागली की दुसरीकडं करमत नाही. रात्री गेम आहे तिथं सोडायचा, बंद करून प्लगसुद्धा काढायचा. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावरून गाडी पुढं. फोर-केचा हट्ट नसेल तर चित्राबद्दल तक्रारीला जागा नाही.

जागेबद्दल मात्र तक्रार आहे. खोक्यावर ५१२ जीबी, गेमसाठी मिळतात ३६४. तीन-चार मोठे गेम टाकले की पुढच्यासाठी कुणाला तरी बाहेर काढावं लागतं. जुनी हार्ड डिस्क जोडता येते, पण नव्या पिढीचे गेम तिच्यावर नुसते ठेवायचे, खेळता येत नाहीत.

मी हा घेतला फोर्झा होरायझन ५ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमसाठी. म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या म्हणण्यातलाच मी एक गिऱ्हाईक. अजून खेळतो, पैसे वसूल आहेत. पण माझ्यासारखे किती? मायक्रोसॉफ्टचाच अंतराळातला गेम स्टारफिल्ड सप्टेंबर २०२३ मध्ये आला, तेव्हा सोनीच्या प्लेस्टेशनवर नव्हताच. तरी त्या तिमाहीत एक्सबॉक्स हार्डवेअरचं, म्हणजे मुख्यतः कन्सोलचं, उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा ७ टक्क्यांनी घटलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉल ऑफ ड्यूटी या गाजलेल्या युद्धाच्या मालिकेतला ब्लॅक ऑप्स ६ पहिल्याच दिवशी गेम पासवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या महिन्याच्या वर्गणीवर गेम देणाऱ्या सेवेत आला. त्या दिवशी गेम पासला विक्रमी नवे सभासद मिळाले, आणि हार्डवेअर? त्या तिमाहीत २९ टक्के खाली. हेच गेम पीसीवरही त्याच दिवशी मिळतात. घरी बरा पीसी असलेला माणूस वेगळी पेटी कशाला घेईल?

कोल्हापुरात तर हिशोबच निराळा. इथं पेठापेठांत फुटबॉल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा हे संघ भिडले की गर्दी तिकडं, आणि पोरं घरी आली की ईए एफसी. हा फुटबॉलचा गेम सगळ्या मोठ्या कन्सोलवर मिळतो, त्यामुळं त्याच्या जोरावर कुणा एकाचं मशीन खपत नाही. मित्रांकडं जे आहे तेच खपतं. आमच्या ग्रुपात सगळ्यांकडं प्लेस्टेशन. एक डिस्क अख्ख्या गल्लीत फिरते, कंटाळा आला की दुकानात देऊन, वर थोडे पैसे घालून दुसरी आणायची. सिरीज एसला डिस्कची खाचच नाही. मित्रानं पहिल्यांदा बघितला आणि उलटापालटा करून विचारलं, "भावा, ह्यात डिस्क कुठनं घालायची?" यावर स्टारफिल्डकडं उत्तर नाही.

निन्टेन्डोचा न चाललेला कन्सोल वी यू आठवा. मे २०१४ मध्ये त्यावर मारिओ कार्ट ८ आला. पुढं तो ८४ लाखांवर खपला, म्हणजे दहा मालकांतल्या सहांनी घेतला. तरी वी यू १ कोटी ३५ लाखांच्या आसपासच थांबला. तोच गेम २०१७ मध्ये निन्टेन्डोच्या पुढच्या कन्सोलवर, स्विचवर गेला आणि ६ कोटींच्या पुढं पोचला. निन्टेन्डोचाच हातात धरायचा कन्सोल थ्रीडीएस मात्र सावरला, पण तिथं ऑगस्ट २०११ मध्ये आधी किंमत २५ हजार येनवरून १५ हजारांवर आणली होती, आणि वर्षअखेरीला पाठोपाठ दोन मारिओ गेम आले. एकटा गेम थोडे दिवस गर्दी जमवतो, बस.

एक्सबॉक्सची मात्र उलटी गंगा, किंमत कमी करायची सोडून वाढवली. गेम पासची वरची वर्गणी, अल्टिमेट, २०२४ मध्ये महिना ५४९ रुपयांवरून ८२९ झाली, २०२५ मध्ये थेट १,३८९. आणि एप्रिल २०२५ मध्ये फोर्झा होरायझन ५ सुद्धा पीएस५ वर, म्हणजे प्लेस्टेशन ५ वर गेला. त्या दिवशी ग्रुपवर माझी काय उडवली ते सांगत नाही.

आता सगळे जीटीए ६ या येणाऱ्या मोठ्या गेमवर डोळे लावून बसलेत. तो पीएस५ वरही आहे, त्यामुळं एक्सबॉक्सला त्याचा वेगळा आधार नाही. माझा अंदाज, सेकंडहँड सिरीज एस तेवढे हातोहात जातील, कारण तो खेळायची ती स्वस्तातली वाट. पण त्यातला एक पैसाही कंपनीला मिळणार नाही.

मित्र प्लेस्टेशनवर असतील तर सरळ तिकडं जा. एकट्यानं गाड्या पळवायच्या, जुन्या एक्सबॉक्स ३६० चे गेम खेळायचे असतील तर हा सेकंडहँड घ्या. फक्त पैसे देण्याआधी कंट्रोलरच्या दोन्ही स्टिक नीट फिरवून बघा, आणि आधीच्या मालकाचं अकाउंट त्याच्यासमोरच काढून घ्या.